पीएफचा टक्का… पण कशाचा?

पगाराच्या पावतीवर कपातींच्या रकान्यात बहुतेक वेळा सगळ्यात वर असतो तो पीएफ. एकाचा पगार ३० हजार, दुसऱ्याचा ९० हजार, आणि तरीही दोघांच्या पावतीवर तोच आकडा : १,८०० रुपये! ‘बारा टक्के’ एवढं सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण बारा टक्के नेमके कशाचे, हे विचारलं की भलेभले अडखळतात. खरी मेख तिथेच आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचं गणित एकदा उलगडायला बसलं की त्यात इतिहास, कोर्टकचेरी, साखर कारखाने आणि अर्ध्या रुपयाचे किस्से असं बरंच काही सापडतं.

१,८०० आले कुठून?

१५,००० चे १२ टक्के म्हणजे १,८००. हे १५,००० म्हणजे कायद्याने ठरवलेली वेतनमर्यादा. तुमचं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २०,००० होत असोत की ७०,०००, सक्तीची कपात १५,००० वर थांबते. त्यापुढच्या रकमेवर पीएफ भरायचा की नाही, हे कंपनी आणि कर्मचारी मिळून ठरवतात. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर भरतात, म्हणून एखाद्याच्या पावतीवर ४,८०० किंवा ७,२०० दिसतात.

ही मर्यादा १९५२ मध्ये होती महिन्याला ३०० रुपये. १९५७ मध्ये ती ५०० झाली, १९६२ मध्ये १,०००. मग १,६००, २,५००, ३,५००, ५,००० अशा पायऱ्या चढत २००१ मध्ये ६,५०० वर आली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. ३०० ते १५,००० म्हणजे बरोबर ५० पट. सुरुवातीच्या काळात ती पाच-पाच वर्षांनी हलत होती, पुढे मात्र तेरा-तेरा वर्षं जागची हलली नाही. महागाई दर वर्षी वाढते आणि मर्यादा एका जागी बसून राहते, तेव्हा कामगाराची सक्तीची बचत त्याच्या पगाराच्या मानाने दर वर्षी लहान होत जाते. हे थांबलं पाहिजे. ही मर्यादा महागाई भत्त्यासारखी आपोआप वाढत राहायला हवी.

रुपयाला एक आणा

१५ नोव्हेंबर १९५१ ला अध्यादेश निघाला आणि १९५२ मध्ये त्याचा कायदा झाला. सुरुवातीला फक्त सहा उद्योग होते : सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कापड म्हटलं की गिरणगाव आलंच. मुंबईच्या चाळींमध्ये ‘फंड’ हा शब्द रुजला तो असा. ‘फंड-ग्रॅच्युइटी’चा जोडशब्द आजही लालबाग-परळच्या जुन्या घरांतून ऐकू येतो.

तेव्हाचा दर होता सव्वासहा टक्के. आता हा ६.२५ चा विचित्र आकडा कशाला? रुपयाचे सोळा आणे, आणि १६ ने १०० ला भागलं की येतात ६.२५. म्हणजे रुपयामागे एक आणा, इतका सरळ हिशेब! तीनशे रुपये पगाराच्या कामगाराचे कापले जायचे अठरा रुपये बारा आणे, आणि मालक तेवढेच घालायचा.

१९६० च्या दशकात ठरावीक उद्योगांसाठी हा दर ८ टक्के झाला. पुढे ८.३३ आणि १० असे टप्पे आले आणि २२ सप्टेंबर १९९७ पासून १० आणि १२. गंमत अशी की कायद्यातला मूळ दर १० टक्केच आहे. १२ टक्के लागतात ते सरकारने अधिसूचना काढलेल्या आस्थापनांना. आज अशा आस्थापनाच इतक्या आहेत की अपवादच नियम झाला. दहा टक्क्यांवर राहिले ते विडी, वीटभट्टी, ताग, काथ्या, गवार गम हे उद्योग, आजारी म्हणून जाहीर झालेले कारखाने आणि वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या काही आस्थापना.

करोनाच्या साथीत हे बारा टक्केही तीन महिने झुकले होते. मे, जून आणि जुलै २०२० च्या पगारांवर सार्वजनिक उपक्रम वगळता बाकीच्यांसाठी दर १० टक्के करण्यात आला, म्हणजे लोकांच्या हातात चार पैसे जास्त पडावेत.

मालकाचे बारा टक्के फुटतात कसे?

कर्मचाऱ्याचे १२ टक्के सरळ त्याच्या पीएफ खात्यात जातात. मालकाच्या १२ टक्क्यांना मात्र दोन वाटा. ८.३३ टक्के पेन्शन योजनेत आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये.

८.३३ का? वर्षाचे बारा महिने. १०० ला १२ ने भागा. वर्षभरात एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम पेन्शनच्या पेटीत पडावी, असा हा आकडा.

आता अर्ध्या रुपयाची गोष्ट. १५,००० चे ८.३३ टक्के होतात १,२४९ रुपये ५० पैसे. वर्गणी पूर्ण रुपयात मोजायची आणि पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया धरायचा, असा नियम आहे. म्हणून पेन्शनला १,२५०. मग पीएफला राहिले किती? ३.६७ टक्क्यांनी काढले तर ५५०.५० येतात. पण प्रत्यक्षात १,८०० मधून १,२५० वजा करतात, आणि जमा होतात ५५०. पासबुकात १,८००, ५५० आणि १,२५० असे तीन आकडे शेजारी-शेजारी दिसतात ते यामुळे.

मालकाचा खर्च इथेच संपत नाही. मरणोत्तर विम्यासाठी त्याला आणखी अर्धा टक्का भरावा लागतो, १५,००० वर ७५ रुपये. प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का वेगळा. या विम्यापोटी कर्मचाऱ्याच्या खिशातून एक पैसाही जात नाही, आणि नोकरीत असताना त्याचा मृत्यू झाला तर वारसाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. तो हिशेबही बघण्यासारखा आहे : सरासरी मासिक पगाराच्या ३५ पट, म्हणजे जास्तीत जास्त ५ लाख २५ हजार, त्यात खात्यातल्या सरासरी शिलकेच्या निम्मी रक्कम, पण १ लाख ७५ हजारांपर्यंतच. बेरीज बरोबर सात लाख. घरात कमावतं माणूस गेलं की लोक पीएफचे पैसे काढतात, पण या विम्याचा अर्ज करायचं अनेकांच्या डोक्यातही येत नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरी एवढं सांगून ठेवावंच.

पेन्शनच्या पेटीला केंद्र सरकारही हातभार लावतं. १.१६ टक्के, म्हणजे १५,००० वर १७४ रुपये.

आणखी एक बारकावा. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफचा सभासद झालेल्या आणि सुरुवातीपासून १५,००० च्या वर बेसिक असलेल्या माणसाला पेन्शन योजना लागूच होत नाही. त्याच्या बाबतीत मालकाचे सगळे बारा टक्के पीएफमध्ये जातात. एकाच टेबलावरच्या दोघांच्या पासबुकांत वेगळे आकडे का, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

पगार म्हणजे नक्की काय?

आता मुख्य मुद्दा. १९५२ च्या कायद्याने वर्गणी लावली ती मूळ वेतन, महागाई भत्ता आणि रिटेनिंग भत्ता यांच्या बेरजेवर. घरभाडे भत्ता बाहेर. ओव्हरटाइम बाहेर. बोनस बाहेर, म्हणजे दिवाळीच्या बोनसवर पीएफ कापला जात नाही. कमिशनही बाहेर.

पण धान्य आत! कामगाराला स्वस्तात धान्य किंवा जेवण मिळत असेल, तर त्या सवलतीची रोख किंमत महागाई भत्त्यात धरायची, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. १९५० च्या आसपास रेशनचा काळ होता, आणि त्या काळाची खूण वेतनाच्या व्याख्येत अशी पक्की बसली.

रिटेनिंग भत्ता म्हणजे काय, हे पश्चिम महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी पडली की हंगाम सुरू, पट्टा पडला की हंगाम संपला. मधल्या महिन्यांत हंगामी कामगार दुसरीकडे निघून जाऊ नये, पुढच्या गाळपाला परत यावा, म्हणून कारखाना बंद काळात त्याला पगाराचा काही हिस्सा देतो. तोच हा भत्ता. काम नसतानाच्या या पैशांवरही पीएफ लागतो. हंगामी माणसाच्या म्हातारपणाचा कायद्याने इतका बारीक विचार केला, हे फार मोलाचं वाटतं.

कायद्याने दार उघडं ठेवलं ते भत्त्यांचं. मग पगाराचे तुकडे सुरू झाले : बेसिक लहान, आणि बाकी सगळं ‘स्पेशल अलाउन्स’, ‘कन्व्हेयन्स’, ‘एज्युकेशन अलाउन्स’ अशा नावांखाली. २८ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने विवेकानंद विद्यामंदिर या पश्चिम बंगालमधल्या शाळेच्या आणि सोबतच्या प्रकरणांत यावर निकाल दिला. जो भत्ता सगळ्यांना सरसकट, नेहमीच्या पगारासारखा मिळतो, तो मूळ वेतनाचाच भाग. जास्तीच्या कामासाठी किंवा एखाद्याच्याच विशेष कामगिरीसाठी मिळत असेल तरच तो वेगळा. वेगळं नाव चिकटवल्याने पैसा वेगळा होत नाही, हे न्यायालयाने पुन्हा ठामपणे सांगितलं.

त्यानंतरचं मोठं पाऊल म्हणजे श्रमसंहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या, आणि त्यांत वेतनाची व्याख्या करताना एक कुंपण घातलं आहे : वगळलेले भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग वेतनातच मोजायचा. उदाहरण घेऊ. एकूण ४०,०००, त्यातलं बेसिक आणि महागाई भत्ता १२,०००, वगळलेले भत्ते २८,०००. निम्मे होतात २०,०००. भत्ते त्याहून ८,००० नी जास्त. ते ८,००० वेतनात मिळवले की वेतन झालं २०,०००. मग पीएफ २,४०० कापणार का? सक्तीने नाही. वेतन १५,००० ओलांडून गेलं, म्हणून सक्तीची वर्गणी १,८०० वर थांबेल. आधी मात्र ती १२,००० च्या हिशेबाने १,४४० होती.

सहा हजारांचा फरक, तीस वर्षांनी

बेसिक लहान ठेवल्याने काय बिघडतं? उलट हातात जास्त पैसे येतात की, असं पुष्कळांना वाटतं. संहितांचं कुंपण नाही असं धरून दोन माणसं घेऊ. दोघांचा पगार ३० हजार. पहिल्याचं बेसिक १५,०००, दुसऱ्याचं ९,०००.

पहिल्याच्या पीएफ खात्यात महिन्याला जमा होतात १,८०० अधिक ५५०, म्हणजे २,३५०. दुसऱ्याच्या खात्यात १,०८० अधिक ३३०, म्हणजे १,४१०. पगार तीस वर्षं तसाच राहिला आणि व्याजाचा दर आजच्यासारखा ८.२५ टक्के धरला, तर पहिल्याचे होतात ३४ लाखांच्या वर, आणि दुसऱ्याचे जवळपास २१ लाख. चौदा लाखांच्या आसपास फरक! पेन्शनमध्येही तीच तफावत. तिचा हिशेब लगेच खाली येतो.

७० ने भागा

पेन्शनचं सूत्र एका ओळीचं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. २०१४ पूर्वी ती १२ महिन्यांची होती. वीस वर्षं पूर्ण केलेल्याला दोन वर्षं बक्षीस मिळतात. म्हणजे तीस वर्षं काम केलेल्याची मोजायची ३२.

वरचा पहिला माणूस : १५,००० गुणिले ३२ भागिले ७०, म्हणजे ६,८५७ रुपये. दुसरा : ४,११४. वयाच्या ५८ व्या वर्षापासून, दर महिन्याला, हयातभर.

या पेन्शनला महागाई भत्ता नाही. सुरू झाली तेव्हाचा आकडा तसाच राहतो. किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. आयुष्यभर राबलेल्या माणसाला हजार रुपयांत महिना कसा काढायचा, हा प्रश्न निवृत्त कामगारांच्या संघटना वर्षानुवर्षं विचारत आहेत, आणि तो अगदी रास्त आहे.

पेन्शनला लागतात दहा वर्षं. पण सहा महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेनऊ वर्षांत दहा पुरी होतात. नोकरी बदलताना पैसे काढून न घेता जुनं खातं नव्यात वळवलं, तर ही वर्षं साखळीसारखी जोडली जातात. पैसे काढले की मोजणी पुन्हा शून्यापासून.

रजा, गैरहजेरी आणि एक गंमत

बिनपगारी रजा झाली तर पीएफ कमावलेल्या बेसिकवरच. १५,००० बेसिकवाला तीस दिवसांच्या महिन्यात दहा दिवस बिनपगारी राहिला, तर बेसिक १०,००० आणि वर्गणी १,२००. पण ३०,००० बेसिकवाला अर्धा महिना गैरहजर राहिला, तरी त्याने १५,००० कमावलेच, म्हणून त्याची सक्तीची वर्गणी पूर्ण १,८००! महिन्याची मर्यादा दिवसांच्या हिशेबाने तुटत नाही.

व्याजाची चाल

१९५२-५३ मध्ये व्याज होतं ३ टक्के. १९८९-९० पासून १९९९-२००० पर्यंत ते तब्बल १२ टक्के होतं. त्या दशकात निवृत्त झालेल्यांना फंडाने घरं बांधून दिली, मुलींची लग्नं लावून दिली. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ८.२५ टक्के. व्याज मोजतात दर महिन्याच्या शिलकेवर, जमा करतात वर्षातून एकदा. लाखाच्या शिलकेवर महिन्याचे ६८७ रुपये ५० पैसे.

स्वतःहून जास्त भरायचं असेल तर बेसिक आणि महागाई भत्त्याच्या शंभर टक्क्यांपर्यंत भरता येतं. मालकावर तेवढं घालायचं बंधन नाही. एक लक्षात ठेवायचं : एप्रिल २०२१ पासून वर्षाला अडीच लाखांच्या वर गेलेल्या स्वतःच्या वर्गणीच्या व्याजावर कर लागतो. महिन्याला साधारण २०,८३३ रुपयांपर्यंत काळजी नाही.

मालक एक नाही, तरी फंड आहे

पीएफचा सगळा डोलारा एक मालक, एक मस्टर, एक पगार यावर उभा आहे. मग आज या गाळ्यावर आणि उद्या त्या गाळ्यावर पोती उचलणाऱ्या हमालाचं काय? महाराष्ट्राने याला १९६९ मध्ये उत्तर दिलं. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यातून माथाडी कायदा आला. व्यापारी हमालाची मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्क्यांची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरी वाटतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार चालवतं. मालक पन्नास असोत, हमालाचा हिशेब एकाच ठिकाणी. आज घरोघरी सामान पोचवणाऱ्या मुलांच्या सुरक्षेची देशभर चर्चा चालते, तेव्हा हे मराठी मातीतलं उदाहरण सगळ्यात आधी समोर ठेवायला हवं.

पुण्याहून अमेरिकेला

पीएफसारखी कपात परदेशातही होते. अमेरिकेत मजुरीच्या ६.२ टक्के कामगार आणि ६.२ टक्के मालक सोशल सिक्युरिटीला देतात. तिथली पेन्शन मिळायला लागतात ४० क्रेडिट, आणि वर्षाला मिळतात जास्तीत जास्त चार. म्हणजे दहा वर्षं. एच-वन-बी व्हिसा सर्वसाधारणपणे सहा वर्षांचा. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे सहा वर्षांनी हिंजवडीला परतलेल्या इंजिनिअरचे ते पैसे तिकडेच राहतात. बेल्जियमशी मात्र आपला करार २००९ पासून लागू आहे. तिकडे कंपनीने ठरावीक मुदतीसाठी पाठवलेला माणूस इथला पीएफ चालू असल्याचा दाखला दाखवतो, आणि त्याची तिथली कपात टळते.

१५ तारीख

पगाराच्या महिन्यानंतरच्या महिन्याची १५ तारीख ही पैसे भरायची शेवटची मुदत. पूर्वी पाच दिवसांची सवलत होती, ती २०१६ मध्ये गेली. उशीर झाला तर मालकाला वर्षाला १२ टक्के व्याज, शिवाय दंड. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायला कायद्याने मनाई आहे. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे फंडात न भरणं हा तर कायद्याच्या भाषेत विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा. दुसऱ्या बाजूला, कर्ज थकलं म्हणून सावकार किंवा बँक कोर्टात गेली, तरी फंडातल्या पैशावर जप्ती आणता येत नाही.

पैसे भरले की नाहीत हे बघायला आता बारा आकडी यूएएन, म्हणजे सभासदाचा कायमचा क्रमांक, पुरतो. मोबाइलवर पासबुक उघडायचं आणि गेल्या महिन्याच्या ओळीत तीन रकाने बघायचे : तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा, पेन्शन. शेजारीच वेतनाचा आकडा लिहिलेला असतो. तो तुमच्या पावतीवरच्या बेसिक आणि महागाई भत्त्याच्या बेरजेशी ताडून बघा. १५,००० च्या आत असूनही जुळत नसेल, तर पावती घेऊन त्याच दिवशी ऑफिसात विचारायला जा.